धर्म दोन, घर एक

जीव जडला, पण धर्म वेगळे, अशा मुली विचारतात, "लग्नासाठी धर्म बदलावाच लागतो का?" नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं दोघांना आपापला धर्म ठेवून लग्न करता येतं. मुलगी १८ वर्षांची, मुलगा २१ चा हवा. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. नोटीस कार्यालयात लावतात, कुणीही वाचू शकतं. म्हणून घरी ते तुमच्याच तोंडून कळलेलं बरं. जिवाची भीती असेल, तर मात्र आधी वकील गाठा. आणि लक्षात ठेवा, 'धर्म वेगळा' ही हरकत कायद्यात चालत नाही.

पण कायदा लग्न लावून देतो, संसार आपल्यालाच करायचा असतो. नोटिशीआधी दोघं बोला. नाव बदलायचं का? श्रावणात, रमजानात चूल कशी चालेल? बाळाचं बारसं की अकीका, की दोन्ही? शेवटचा निरोप कुठल्या रीतीनं? तो म्हणाला, "पुढचं पुढे बघू," तर जरा थांबा. ते 'पुढचं' बहुतेकदा एकट्या सुनेलाच निस्तरावं लागतं. उत्तरं वेगळी असली तरी चालतील, पण ती आज मिळायला हवीत.