बुडालेला बाँड आणि आयकर

आखाडा बाळापूरहून बोलतेय.

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "बाँडचे पैसे तर बुडाले, निदान करात तरी सूट मिळंल का?" मिळते, पण आपल्याला वाटतं तशी नाही.

येस बँकेचं बघा. १४ मार्च २०२० ला या बँकेचे ८,४१५ कोटींचे बाँड एका फटक्यात शून्य झाले. ठेव मोडून हे बाँड घेतलेली म्हातारी माणसंही त्यात होती. बँक चालू राहिली, ठेवी वाचल्या, बाँडवाले बुडाले. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. आता बाँड मेला म्हणायचा की जिवंत?

आयकराचं घोडं इथंच अडतं. "पैसे गेले" एवढ्यावर तोटा धरत नाहीत. बाँड कमी भावात विकला, किंवा आपला हक्क कायमचा संपला, हे कागदावर दाखवावं लागतं. म्हणून रागाच्या भरात कागद चुलीत घालू नका. खरेदीची पावती, पासबुकातली नोंद, कंपनीचं पत्र, सगळं एका पिशवीत ठेवा.

तोटा मान्य झाला तरी तो पगारातून, दुकानाच्या कमाईतून किंवा ठेवीच्या व्याजातून वजा होत नाही. तो भांडवली तोटा. तो वजा होतो फक्त भांडवली नफ्यातून. समजा, बरीच वर्षं जवळ असलेला प्लॉट विकून तीन लाख नफा झाला आणि जुन्या बाँडात एक लाख बुडाले, तर कर दोन लाखांवर. पण खेड्यातली शेतजमीन विकली, तर तिच्या नफ्यावर मुळात करच नाही, मग वजा कशातून करणार?

यंदा नफा नसेल तर तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो. अट एकच, त्या वर्षीचं रिटर्न मुदतीत भरलेलं हवं. आपल्यातल्या कितीतरी जणी "मला कर लागतच नाही" म्हणून रिटर्न भरत नाहीत, आणि हा हक्क तिथंच जातो. माझ्या मते घरच्या पुरुषांनाही हे ठाऊक नसतं.

आणि "थोडी फी द्या, बुडालेल्या बाँडचा सगळा कर परत आणून देतो" म्हणत कुणी दारात आला, तर त्याला आधी विचारा: दादा, आम्ही कर भरला कधी होता?