जोखमीचे मोल



पदवीदानाच्या प्रसंगी उदात्त ध्येयांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. परंतु संगणकशास्त्राची पदवी घेऊन तुमच्यापैकी जे कोणी पुण्याची वाट न धरता बीड, गेवराई, माजलगाव किंवा अंबाजोगाई येथेच पतसंस्थांचे, जिनिंगांचे आणि दवाखान्यांचे संगणक सांभाळण्याचा व्यवसाय मांडू इच्छितात, त्यांच्याशी मी आज नफ्यातोट्याच्याच भाषेत बोलणार आहे, आणि ही अरसिकता आपण पदरात घ्याल अशी आशा आहे.

या धंद्याची आपल्या देशातील वंशावळ फार लांबची नाही. परकीय भागभांडवलावरील निर्बंध मान्य नसल्यामुळे आयबीएमने १९७८ साली येथून बस्तान हलविले, तेव्हा तिच्या मागे राहिलेल्या यंत्रांची निगा राखण्याचे काम सीएमसी या सरकारी कंपनीकडे आले, आणि यंत्र एकाने घडवावे, दुसऱ्याने वापरावे व तिसऱ्याने सांभाळावे ही रीत येथे रुजली. पुढे तालुक्याच्या गावी पोहोचलेला धंदा याच पठडीतला; यंत्र बिघडावे, फोन जावा, माणूस यावा आणि त्याने फेरीचा आकार घ्यावा. ग्राहकाचा खोळंबा हीच दुरुस्तीवाल्याची मिळकत असल्यामुळे जो खरोखर कुशल, त्याचाच गल्ला रिकामा, असा विचित्र न्याय त्यात होता.

आता देखरेख दुरून होते, ठरावीक मासिक रकमेत होते, आणि बिघाड न होण्यातच सांभाळणाऱ्याचा नफा असतो. बीडला रेल्वे यायला २०२५ साल उजाडावे लागले. या व्यवसायाने मात्र अंतराचा प्रश्न त्यापूर्वीच निकालात काढला होता. अर्थात तुम्ही येथून पुण्याचे काम करू शकता तसा पुण्याचा माणूसही तुमचे गेवराईचे गिऱ्हाईक नेऊ शकतो, हे ओघानेच आले. सर्व्हर क्लाऊडवर गेल्याने यंत्रविक्रीतील नफा आटला, परवान्यांवरील अडत रोडावली, आणि विसरलेला पासवर्ड बदलून देण्यासारखी किरकोळ कामे कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली. विकण्यासारखे जे उरले ते एकच, आणि ते म्हणजे दुसऱ्याची जोखीम आपल्या शिरावर घेणे.

जोखमीचा हिशेब या जिल्ह्याला मी काय सांगावा! २०२० च्या खरिपात येथील पीकविम्याच्या निविदेला कोणी कंपनी पुढे येईना, तेव्हा जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंतची भरपाई कंपनीने सोसावी, त्यावरची राज्य सरकारने, आणि भरपाई कमी निघाल्यास कंपनीने २० टक्के ठेवून बाकी शिल्लक सरकारजमा करावी, असा ठराव झाला. ‘बीड पॅटर्न’ म्हणून तो सर्वत्र गाजला. त्यात तोट्याला हद्द होती. संगणक सांभाळणाऱ्यांचे बहुतेक करारनामे बेहद्द असतात.

पतसंस्थेच्या कचेरीत पाहा. दप्तराच्या कपाटाआड धूळ खात बसलेला सर्व्हर, त्याखाली बॅटऱ्या फुगलेला यूपीएस, आणि डे-एन्ड झाल्यावर लिपिकाने बॅकअप घेऊन तिजोरीत ठेवलेली हार्ड डिस्क. ती रोज इमानेइतबारे भरली जाते, पण तिच्यावरून खाती पुन्हा उभी राहतात की नाही, हे कोणी पाहिलेले नसते. समजा, तुम्ही ही जबाबदारी दरमहा १०,००० रुपयांस घेतली आणि पगार, परवाने, प्रवास वजा जाता वर्षाला ३०,००० उरले. एके सकाळी रॅन्समवेअरने सर्व खाती कुलूपबंद केली, आणि तिघांना दहा दिवस, रोजी १,५०० रुपये धरून, तेथे बसावे लागले, तर ४५,००० गेले. दीड वर्षाची शिल्लक एका पंधरवड्यात संपली.

हे काल्पनिक भय नव्हे. २०२१ च्या जुलैत कासेया कंपनीच्या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमधूनच हल्लेखोर शिरले, आणि ते वापरणाऱ्या सेवादारांमार्फत सुमारे १,५०० व्यवसायांपर्यंत पोहोचले. जुलै २०२४ मध्ये सी-एज या सेवादार कंपनीवरील हल्ल्यामुळे आपल्याकडील सुमारे ३०० लहान बँकांचे देयक व्यवहार तात्पुरते थांबले. एका किल्लीने अनेक घरे सांभाळण्यात जी काटकसर आहे, तिच्यातच हा धोका आहे. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार अशा घटनेची वर्दी ती ध्यानात आल्यापासून सहा तासांत द्यावी लागते. म्हणजे रात्री जागा राहणारा माणूस आला, आणि त्याचा पगारही आला.

तेव्हा बॅकअपवरून खाती उभी करून पाहण्याची चाचणी दर तिमाहीस घ्या, तिचा आकार मासिक रकमेत न लपवता बिलात वेगळा दाखवा, आणि भरपाईची कमाल मर्यादा करारात आकड्यांनी लिहा. संस्थेचे चेअरमन घासाघीस करतील, शेजारच्या दुकानदाराचा निम्मा दर सांगतील, गावकीचा हवालाही देतील. दर उतरवावाच लागला, तर आपल्या जबाबदारीची हद्दही त्याच बैठकीत आणि त्याच कागदावर त्या प्रमाणात उतरवून घ्या.