शाल देणाऱ्याच्या तोंडावर

(कर्जत येथील वसंत व्याख्यानमालेतील भाषण)



मघाशी तुम्ही माझ्या खांद्यावर शाल घातलीत, हातात नारळ दिलात. त्या घटकेला माणूस मऊ होतो. आभार मानावेत, चार गोड शब्द बोलावेत आणि बसावं, एवढंच सुचतं. म्हणूनच मला पु. ल. देशपांड्यांचं मोल फार वाटतं.

1996चा पहिलावहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार पुलंना मिळाला. राज्यात शिवसेना-भाजप युतीचं सरकार होतं. कंपवाताने शरीर थकलेलं. उभ्या महाराष्ट्राला हसवलेला हा माणूस नुसते आभार मानून घरी गेला असता, तर कुणी बोट ठेवलं नसतं. पण लोकशाहीऐवजी ठोकशाहीची भाषा सत्तेतल्या माणसांच्या तोंडी येते, याची व्यथा त्यांनी त्या सन्मानाच्या निमित्ताने बोलून दाखवली. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे खवळले, पुलंना पुरस्कार देऊन चूक केली अशा आशयाचं जाहीरपणे बोलले. ज्याच्या हातून मान घ्यायचा त्यालाच ऐकवायचं, याला काळीज लागतं.

दुर्गाबाई भागवतांना ते होतं. 1975, आणीबाणी, कऱ्हाडचं साहित्य संमेलन. स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. आणि अध्यक्ष दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला सगळ्यांना उभं केलं! पुढे त्यांना तुरुंग घडला.

आता टीव्हीवरचे पुरस्कार सोहळे आठवा. ‘झाडं लावा’, ‘मुली वाचवा’, ‘शेतकऱ्याला विसरू नका’. बोलणाऱ्याच्या मनात खोट असते असं मी म्हणणार नाही. पण ते कुणाला उद्देशून असतं? पहिल्या रांगेतला मंत्रीही टाळ्या वाजवतो, कारण त्याला कुणी काही विचारलेलंच नसतं.

आपला रायगड जिल्हा घ्या. 16 एप्रिल 2023, खारघर, याच महाराष्ट्र भूषणचा सोहळा. व्यासपीठावर सावली, मैदानात रणरणतं ऊन. उष्माघाताने 14 माणसं गेली. त्यानंतर किती विजेत्यांनी माईकवरून त्यांची आठवण काढली?

तीन महिन्यांनी, 19 जुलैच्या रात्री, इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडी या ठाकर आदिवासींच्या वाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. जेसीबी वर चढेना. भर पावसात, निसरड्या पायवाटेने जवान चढले आणि कुदळ-फावड्यांनी चिखल उपसू लागले. 27 मृतदेह हाती आले. 57 माणसं सापडलीच नाहीत, शोध थांबवावा लागला. वाचलेल्यांसाठी पुढे चौकजवळ घरं बांधली गेली.

कर्जत-चौक रस्त्यालगतच एन. डी. स्टुडिओ आहे. ‘जोधा अकबर’चे महाल तिथे उभे राहिले. कलावंत चित्रीकरणाला इथे येतात, फार्महाऊसवर राहतात, इर्शाळगडाचा तो सुळका खिडकीतून बघतात. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढचा पुरस्कार घ्याल, तेव्हा समोर मंत्री बसलेले असतील. त्यांच्याकडे बघून विचारा : साहेब, डोंगरउतारावरच्या बाकीच्या ठाकरवाड्यांना रस्ता कधी, सुरक्षित जागा कधी? वाडीचं नाव घेऊन विचारा. नावं माहीत नसतील तर आमच्याकडे या, आम्ही लिहून देऊ.