प्रसंगावधान
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संघाच्या चिटणिसांनी आम्हांस या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आम्ही पडलो जुनी मॅट्रिक झालेले शाळामास्तर. विद्वत्तेचे भाषण आमच्याकडून व्हावयाचे नाही. तथापि ज्याची आज घरोघर गरज आहे असा विषय आम्ही निवडला आहे. आपल्या घरात किंवा कामाच्या जागी अकस्मात् कोणी दुष्ट मनुष्य शिरला, तर सामान्य माणसाने काय करावे? हत्यार त्याच्या हाती, बळ त्याच्या अंगी. मग आपल्यापाशी उरते काय? आमचे उत्तर असे की, आपल्यापाशी प्रसंगावधान उरते आणि पुष्कळदा तेवढे पुरते.

हितोपदेशातील तीन माशांची गोष्ट आपण सर्वांनी बाळपणी ऐकली आहे. कोळी येणार असे कळताच अनागतविधाता दुसऱ्या जलाशयात निघून गेला. प्रत्युत्पन्नमति जाळ्यात सापडल्यावर मेल्याचे सोंग घेऊन निसटला. यद्भविष्य मात्र नशिबावर विसंबून प्राणास मुकला. वर्गात ही गोष्ट शिकविताना मुले हटकून विचारीत, "गुरुजी, पहिल्या दोघांत थोर कोण?" आज आम्ही त्यांस सांगू की, हे दोन मासे वेगळे नाहीतच. ऐन वेळी ज्याला युक्ती सुचते, त्याने ती वेळ येण्यापूर्वी काही ना काही जाणून ठेवलेले असते. प्रत्युत्पन्नमतीच्या पाठीशी अनागतविधाता उभा असतो. आमच्या या विधानास आधार म्हणून अलीकडच्या काळातील तीन खरी उदाहरणे आपणांपुढे ठेवतो.

पहिले उदाहरण मुंबईत वाढलेल्या नीरजा भनोत या तरुणीचे. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन अ‍ॅम कंपनीचे विमान पहाटे कराचीच्या विमानतळावर थांबले असता, सुरक्षारक्षकांचा वेष केलेले चार सशस्त्र पुरुष आत शिरले. नीरजा त्या विमानातील सेवकवर्गाची प्रमुख होती. तिने व तिच्या सहकाऱ्यांनी वैमानिकांपर्यंत इशारा पोहोचविला आणि वैमानिक छतावरील झडपेतून खाली उतरून गेले. वरवर पाहता हे प्रवाशांस सोडून जाणे वाटेल. परंतु आकाशात भरारी घेण्याची ज्यांची इच्छा, त्यांच्या हाती चालकावाचून निर्जीव पडलेले यंत्र राहिले. पुढे अमेरिकन प्रवासी निवडून काढण्यासाठी पारपत्रे गोळा करण्याचा हुकूम झाला, तेव्हा या मुलींनी पारपत्रे गोळा तर केली, पण अमेरिकन पारपत्रे हळूच दडवून ठेविली. हुकूम पाळल्यासारखा दिसला आणि हेतू मात्र फसला. सुमारे सतरा तासांनंतर गोळीबार सुरू झाला, तेव्हा नीरजाने संकटकाळचे दार उघडून प्रवाशांस बाहेर काढले आणि मुलांना वाचविताना स्वतः देह ठेवला. तिचे वय त्या वेळी तेवीसही पूर्ण नव्हते. राष्ट्राने तिला मरणोत्तर अशोकचक्र अर्पण केले.

दुसरे व तिसरे उदाहरण एकाच रात्रीचे आहे. २६ नोव्हेंबर २००८ ची ती रात्र महाराष्ट्र कधी विसरणार नाही. छत्रपती शिवाजी टर्मिनस या स्थानकात दोन बंदूकधारी शिरले आणि तेथे ५० हून अधिक निरपराध माणसे मृत्यू पावली. त्या वेळी ध्वनिक्षेपकाच्या खोलीत श्री. विष्णू झेंडे हे उद्घोषक कामावर होते. गाड्यांच्या वेळा सांगणे एवढेच त्यांचे नित्याचे काम. त्यांच्याजवळ शस्त्र नव्हते, पण आवाज होता, आणि स्थानकाच्या वाटा त्यांस पाठ होत्या. कोणत्या बाजूस जाऊ नये आणि कोणत्या वाटेने बाहेर पडावे, हे ते पुनःपुन्हा सांगत राहिले. मारेकऱ्यांनी त्यांच्या खोलीवर गोळ्या झाडल्या, तरी त्यांनी आपले काम सोडले नाही. त्या आवाजाच्या आधाराने किती लोक घरी परतले असतील, याची मोजदाद कोण करील?

तेच दोघे पुढे जवळच्या कामा रुग्णालयात शिरले. तेथे प्रसूतिपूर्व कक्षात रात्रपाळीस श्रीमती अंजली कुलथे या परिचारिका होत्या आणि त्यांच्या हवाली २० गर्भवती स्त्रिया होत्या. बाहेर रखवालदार गोळ्यांनी कोसळलेले. अंजलीताईंनी कक्षाची जड दारे लावून घेतली, दिवे मालविले आणि त्या सर्व स्त्रियांस एका लहानशा कोठीत नेऊन बसविले. इतक्यात त्यांच्यातील एकीस प्रसूतिवेदना सुरू झाल्या. बाहेर गोळीबार आणि आत जन्माची घटिका! त्या माउलीचा हात धरून, अंधारात भिंतीच्या कडेकडेने, ताईंनी तिला प्रसूतिगृहापर्यंत नेले आणि बाळ सुखरूप जन्मास आले. त्या वीसही स्त्रिया वाचल्या. पुढे अंजलीताईंनी पकडल्या गेलेल्या मारेकऱ्यास ओळखले, न्यायालयात साक्ष दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे आपली हकीकत जगास सांगितली.

बंधुभगिनींनो, या तिघांनी केले काय, ते नीट पाहावे. दार लावणे, दिवा मालविणे, मार्ग सांगणे, कागद दडविणे ही कामे तुमच्या-आमच्या घरातील कोणालाही करता येण्यासारखी आहेत. दुष्टाचे पहिले हत्यार बंदूक नव्हे. आपला गोंधळ हे त्याचे पहिले हत्यार होय. आपण ओरडावे, सैरावैरा पळावे, विचार करण्यास क्षणही मिळू नये, यावरच त्याची सारी मदार असते. तो क्षण ज्याने राखला, त्याने निम्मी लढाई जिंकली. आणि तो क्षण राखता कोणास येतो? ज्यास आपली जागा व आपले कर्तव्य पाठ असते, त्यास. नीरजेला विमानाची दारे ठाऊक होती, झेंड्यांना स्थानकाच्या वाटा आणि अंजलीताईंना आपल्या कक्षाचा कोपरान् कोपरा.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रसंगावधान म्हणजे अमरत्वाचा ताईत नव्हे. नीरजेचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. त्या रात्री जे बळी पडले त्यांस अवधान नव्हते, असे म्हणणे तर पाप होईल. अनेकांस विचार करण्याची उसंतच मिळाली नाही. तसेच, हत्यारबंद चोराच्या अंगावर धावून जाणे याला आम्ही शहाणपण म्हणत नाही. दागिना पुन्हा घडविता येतो, माणूस घडविता येत नाही.

आमच्या सेवाकाळात एकदा पावसाळ्याच्या दिवसांत वर्ग चालू असताना मागील कोपऱ्यात नाग निघाला. आम्ही मुलांस पाय बाकावर घेऊन गप्प बसण्यास सांगितले आणि पुढच्या रांगेपासून एकेक रांग शांतपणे बाहेर काढली. एकही मूल ओरडले नाही, याचे श्रेय आमचे नव्हे. रोज घंटा झाल्यावर रांगेने बाहेर पडण्याची जी सवय मुलांस लागली होती, तिचे ते श्रेय. ज्या शिस्तीचा मुलांना रोज कंटाळा येई, तीच त्या दिवशी कामास आली.

आता आजच्या एका नव्या घुसखोराविषयी सांगतो, कारण त्याचा रोख आमच्या वयाच्या मंडळींवर अधिक आहे. हा दारातून येत नाही, दूरध्वनीतून येतो. "आम्ही पोलीस आहोत, तुमच्या नावाचा गुन्हा नोंदला आहे, तुम्हांस डिजिटल अटक केली आहे, कोणास सांगू नका, तत्काळ पैसे पाठवा," असे तो धमकावतो आणि जन्मभराची पुंजी घेऊन जातो. डिजिटल अटक नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. याचेही हत्यार तेच: घाई आणि भीती. 'कोणास सांगू नका' हे शब्द ऐकताच समजावे की दारात चोर उभा आहे. फोन ठेवावा, घरातील माणसास हाक मारावी आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. फसल्यावरही लाजेने गप्प बसू नये; जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडविण्याची आशा अधिक.

म्हणून आमची आपल्या ज्ञातीतील प्रत्येक कुटुंबास एवढीच विनंती आहे की, येत्या आठवड्यात एका संध्याकाळी घरातील थोरामोठ्यांनी व मुलांनी एकत्र बसावे. रात्री अनोळखी हाक आली तर दार कोण उघडील, मागील दाराची कडी कोठे, आजीने प्रथम कोणत्या शेजाऱ्यास हाक मारावी, हे ठरवावे. पोलिसांच्या मदतीचा ११२ हा क्रमांक धाकट्या नातवंडासही पाठ असावा. यास एक पैसा लागत नाही. ज्या घरात असे बोलणे झाले आहे, त्या घरात संकटाच्या वेळी हात-पाय आपोआप योग्य दिशेस वळतील.

आपल्या पूर्वजांनी ज्ञातिसंस्था उभारल्या त्या एकमेकांच्या अडीअडचणीस धावून जाण्यासाठी. एकट्या राहणाऱ्या वृद्ध ज्ञातिबांधवांची दर आठवड्यास विचारपूस करण्याचे काम संघातील तरुणांनी अंगावर घेतले, तर ज्ञातिसेवा याहून वेगळी ती काय असणार? ती यादी करण्यास आमच्यासारखा निवृत्त मास्तर सदैव तयार आहे.