सर्वांसाठी आरोग्य : किती साधले, किती उरले
(वार्षिक संमेलनातील भाषण)




आपण ज्या ब्रिटनमध्ये राहतो तेथे ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिच्या दवाखान्यात रुग्णाची ऐपत विचारली जात नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारतात कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. या कायद्याचा पाया डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना घातला गेला. औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपविण्यात आले होते. पैशांअभावी कोणीही उपचारांस मुकू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ मध्ये मांडले. घटनेच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरविले.

परंतु विम्याचे छत्र मुख्यतः कारखान्यांपुरतेच राहिले. शेतमजूर, वीटभट्टीवरील मजूर, ऊसतोड कामगार आणि गटारात उतरणारे कंत्राटी सफाई कामगार त्याबाहेर राहिले. या कष्टकऱ्यांत आपलेच बांधव मोठ्या संख्येने आहेत.

त्यानंतर प्रगती झाली, हे मान्य केलेच पाहिजे. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने आशा स्वयंसेविका गावोगाव पोहोचविल्या. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेने गरीब कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची हमी दिली. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने जन आरोग्य योजना आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांनी स्वतः सोसलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला.

तथापि ही हमी प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावरची आहे. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, रक्ततपासणी, तालुक्याला जाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांनीच गरीब कुटुंब कर्जात बुडते. बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या २०१९ च्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. आजारपणाचा खाडा म्हणजे मजुरीवर पाणी आणि वर दंड, अशी ज्यांची स्थिती, त्यांना वेळेवर साधा उपचार मिळाला असता तर यांतील किती शस्त्रक्रिया टळल्या असत्या, याचा विचार व्हावा. सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट २०१७ च्या धोरणात होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्केच होता.

बंधुभगिनींनो, गावाकडून आजारपणाचा फोन आला की आपण पैसे पाठवितो, आणि ते पाठविलेच पाहिजेत. त्यासोबत घरच्यांचे योजनेचे कार्ड निघाले आहे काय, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आणि औषधे आहेत काय, हेही विचारू या. नसतील तर ग्रामसभेत लेखी मागणी करण्यास त्यांना बळ देऊ या. आपल्यातील डॉक्टर आणि परिचारिका भगिनींनी सुट्टीत गावी गेल्यावर एक दिवस वस्तीसाठी द्यावा. आपण पाठविलेल्या पैशांवर एका घरातील उपचार होतील. गावचे केंद्र सुरू राहिले तर ज्यांचे कोणीही परदेशी नाही त्यांनाही औषध मिळेल.

जयभीम! जय भारत!