लाल-पांढऱ्या-निळ्या चेंडूची लीग

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे लेखरूप)



श्रीगजाननाला वंदन करून सुरुवात करतो. अथर्वशीर्षाची आवर्तने आणि उद्याचे सुगम संगीत यांच्या मध्ये अमेरिकेतल्या एका बंद पडलेल्या बास्केटबॉल लीगवर व्याख्यान कशाला, असा प्रश्न काही जणांच्या चेहऱ्यावर आम्हाला दिसतो आहे. आम्ही म्हणजे या व्यासपीठावर उभा असलेला एकटा माणूस नव्हे. एके काळी संध्याकाळी कोर्टवर जमणारी आणि आता गुडघे सांभाळत कठड्यावर बसून पोरांचा खेळ बघणारी आमची सगळी टोळी त्यात आली. आपल्या इंदूरला बास्केटबॉल काही परका नाही. रेसकोर्स रोडवरचे कॉम्प्लेक्स सर्वांना ठाऊक आहे. तरीही आज सांगायची ती गोष्ट नुसती खेळाची नाही. एक संस्था निघते, नऊ वर्षे चालते, मोठ्या संस्थेत मिसळून जाते आणि तिचे नाव पुसले जाते, त्याची ही हकीकत आहे. अशा हकीकती आपल्यालाही नव्या नाहीत.

बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने शोधला. पुढे तिथे व्यावसायिक लीग निघाल्या. त्यांतली एनबीए आज जगभर माहीत आहे. पण १९६६-६७च्या हंगामात तिच्यात फक्त १० संघ होते. एवढा मोठा देश, मोठमोठी शहरे, आणि बहुतेकांकडे संघच नाही. तेव्हा काही व्यापाऱ्यांनी हिशोब केला की आपणच दुसरी लीग काढू, चार-सहा वर्षे चालवू. मग एनबीएला आपल्याला पोटात घ्यावेच लागेल. अशा रीतीने फेब्रुवारी १९६७ मध्ये 'अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन' म्हणजे एबीए जाहीर झाली. ११ संघ उभे राहिले आणि १३ ऑक्टोबर १९६७ रोजी ओकलंड संघाने अ‍ॅनाहाइमला १३४-१२९ असे हरवून लीगचा नारळ फोडला.

लीगचा प्रमुख म्हणून जॉर्ज मिकन यांना आणले. सहा फूट दहा इंच उंची, जाड भिंगांचा चष्मा, आणि एनबीएच्या पहिल्या पिढीतला सर्वांत मोठा खेळाडू. त्यांचे म्हणणे असे की तपकिरी चेंडू लांबून दिसत नाही. प्रेक्षकाला दिसला पाहिजे, टीव्हीवर दिसला पाहिजे. म्हणून त्यांनी लाल, पांढरा, निळा असा रंगीत चेंडू आणला. जाणत्यांनी नाक मुरडले, हा सर्कशीतला चेंडू आहे म्हणाले. पण गल्लीतल्या मुलांना तो इतका आवडला की दुकानांत त्याची चांगलीच विक्री झाली. दुर्दैव असे की लीगने त्या चेंडूचे हक्क वेळेवर नोंदवून घेतले नाहीत. चेंडू विकला गेला आणि पैसे दुसऱ्यांच्या गल्ल्यात पडले. आपल्याकडच्या खजिनदारांनी हे लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट तीन गुणांच्या बास्केटची. ती कल्पना मुळात एबीएची नव्हती. १९६१ साली एब सेपरस्टीन यांनी काढलेल्या एका लीगमध्ये ती होती, पण ती लीग दीड हंगामातच आटोपली. एबीएने ती कल्पना उचलली, लांब अंतरावर रेषा आखली आणि त्या रेषेबाहेरून टाकलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण दिले. उंच खेळाडूंच्या गर्दीत बुटक्या खेळाडूलाही किंमत आली.

या नियमाचा एक किस्सा आम्हाला फार आवडतो. १३ नोव्हेंबर १९६७. डॅलसमध्ये इंडियाना पेसर्सचा सामना. एक सेकंद उरलेला आणि इंडियाना दोन गुणांनी मागे. जेरी हार्कनेस या खेळाडूने आपल्याच टोकाकडून, जवळजवळ पूर्ण कोर्टाच्या लांबीवरून चेंडू भिरकावला आणि तो बास्केटमध्ये गेला. सगळ्यांना वाटले, बरोबरी झाली, आता जादा वेळ. तेव्हा पंचांनी आठवण करून दिली की अहो, हे तीन गुण आहेत, सामना संपला, इंडियाना ११९-११८ असा जिंकला. नियम इतका नवा होता की तो खेळणाऱ्यांच्याही अंगवळणी पडलेला नव्हता.

पण या लीगचे खरे मोठेपण आमच्या मते चेंडूत नाही आणि रेषेतही नाही. बंद दाराबाहेर उभ्या असलेल्यांना तिने आत घेतले, हे तिचे मोठेपण. कॉनी हॉकिन्स हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचा गरीब मुलगा. १९६१ साली सामने पैसे देऊन फिरवण्याचे एक प्रकरण उघडकीला आले, त्यात याचे नाव कोणीतरी घेतले. आरोपपत्र नाही, शिक्षा नाही. तरी कॉलेजने काढून टाकले आणि एनबीएने दार लावून घेतले. रॉजर ब्राऊनचेही तेच झाले. तो ओहायोतल्या डेटन गावी कारखान्यात काम करून राहिला. एबीएने दोघांना बोलावले. पहिल्याच हंगामात हॉकिन्स लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच्या पिट्सबर्ग संघाने विजेतेपद घेतले. पुढे त्याने एनबीएवर दावा लावला. १९६९ मध्ये तडजोड झाली, दहा लाख डॉलरहून अधिक मोबदला मिळाला आणि २७व्या वर्षी तो एनबीएच्या कोर्टवर उतरला. पेसर्सनी एबीएची तीन विजेतेपदे मिळवली, १९७०, १९७२ आणि १९७३. तिन्हींत ब्राऊन होता. २०१३ साली बास्केटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचे नाव लागले, तेव्हा त्याला जाऊन १६ वर्षे झाली होती.

त्या काळी शाळा संपल्यावर चार वर्षे होईपर्यंत एनबीएमध्ये प्रवेश नसे. घरात खायची भ्रांत असलेल्या मुलाने चार वर्षे काय करावे? एबीएच्या डेन्व्हर संघाने १९६९ मध्ये स्पेन्सर हेवूडला कॉलेज पुरे होण्याआधीच घेतले. पुढे त्याचेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७१ मध्ये एनबीएच्या नियमाला खिंडार पडले. १९७४ मध्ये युटा संघाने मोझेस मलोनला थेट शाळेतून करारबद्ध केले. दोन लीग एकाच खेळाडूच्या मागे लागल्या की पगार वाढणारच. म्हणून तर एनबीएच्या खेळाडूंनीच, ऑस्कर रॉबर्टसनच्या नावाने, १९७० मध्ये विलीनीकरणाविरुद्ध दावा लावला. दुसरे दुकान बंद झाले तर आपल्या श्रमाचा भाव पडेल, हे त्यांनी ओळखले होते. तो दावा सहा वर्षे चालला.

इकडे एबीएची परिस्थिती कशी होती? ओढगस्तीची. राष्ट्रीय पातळीवरचा टीव्ही करार कधी टिकला नाही. संघ बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडत. ओकलंडचा संघ आधी वॉशिंग्टनला आणि मग व्हर्जिनियाला गेला. ह्यूस्टनचा कॅरोलिनात आणि तिथून सेंट लुईसला. डॅलसचा संघ १९७३ मध्ये सॅन अँटोनियोला गेला, तो मात्र तिथे रुजला. केंटकीत त्याच वर्षी एली ब्राऊन यांच्या अध्यक्षतेखाली सगळ्या महिलांच्या संचालक मंडळाने कारभार हाती घेतला आणि १९७५ मध्ये तो संघ विजेता झाला. हे आमच्या महिला मंडळासाठी मुद्दाम सांगितले.

शेवटच्या हंगामात तर एकामागून एक संघ बंद पडले. २७ जानेवारी १९७६ रोजी डेन्व्हरला तारांकित खेळाडूंचा सामना होता, तोवर सातच संघ उरले होते. दोन बाजू धड जुळेनात, म्हणून एकट्या डेन्व्हरविरुद्ध बाकी सगळे असा सामना लावला. प्रेक्षक यावेत म्हणून मध्यंतरात नवीच टूम काढली, उडी मारून चेंडू बास्केटमध्ये कोंबायची स्पर्धा. ज्युलियस अर्व्हिंग, ज्याला 'डॉक्टर जे' म्हणत, त्याने फ्री थ्रोच्या रेषेवरून झेप घेतली आणि स्पर्धा जिंकली. मरणपंथाला लागलेल्या लीगचे ते शेवटचे देणे. १३ मे १९७६ रोजी अर्व्हिंगच्या न्यूयॉर्क नेट्सनी २२ गुणांनी मागे पडूनही डेन्व्हरला ११२-१०६ असे हरवले आणि एबीएचा खेळ संपला.

१७ जून १९७६ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या हायॅनिस येथे विलीनीकरण ठरले. डेन्व्हर, इंडियाना, न्यूयॉर्क आणि सॅन अँटोनियो हे चार संघ एनबीएत गेले. प्रत्येकी ३२ लाख डॉलर भरायचे आणि तीन वर्षे टीव्हीच्या उत्पन्नात वाटा मागायचा नाही, ही अट. नेट्सना शिवाय शेजारच्या निक्स संघाला ४८ लाख द्यावे लागले. ती रक्कम उभी करताना त्यांनी अर्व्हिंगलाच ३० लाखांना फिलाडेल्फियाला विकून टाकले. घर वाचवायला घरातला दागिना मोडला, तसे. व्हर्जिनियाचा संघ महिनाभर आधीच बंद पडला होता, त्याला काहीच मिळाले नाही. केंटकीच्या मालकांनी सुमारे ३० लाख घेऊन संघ बंद केला. सेंट लुईसचे मालक सिल्ना बंधू मात्र हुशार निघाले. त्यांनी २२ लाख रोख घेतले आणि वर चारही संघांच्या टीव्ही उत्पन्नातला प्रत्येकी एक-सप्तमांश वाटा कायमचा लिहून घेतला. तेव्हा त्या उत्पन्नाला फारशी किंमत नव्हती. पुढे त्यातून त्यांना सुमारे ३० कोटी डॉलर मिळाले आणि २०१४ मध्ये तो करार बहुतांशी मिटवायला एनबीएला आणखी सुमारे ५० कोटी मोजावे लागले.

नाव गेले, पण काम राहिले. १९७७च्या एनबीए तारांकित सामन्यातल्या २४ खेळाडूंपैकी १० जण एबीएतून आलेले होते. तीन गुणांची रेषा एनबीएने १९७९ मध्ये स्वीकारली आणि १९८४ मध्ये ती आंतरराष्ट्रीय नियमांत आली. डंकची स्पर्धाही त्याच वर्षी पुन्हा सुरू झाली. आज आमच्या कॉम्प्लेक्सवरची बारा वर्षांची पोरे त्या रेषेबाहेरूनच चेंडू टाकतात. ती रेषा कुठून आली हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

पेसर्सचेही ऐका. विलीनीकरणाच्या ओझ्याने १९७७ मध्ये तो संघ बुडायला आला. तेव्हा प्रशिक्षक बॉबी लिओनर्ड यांच्या पत्नी नॅन्सी यांनी टीव्हीवर रात्रभर कार्यक्रम करून आठ हजार हंगामी तिकिटे विकायचा विडा उचलला. मुलांनी साठवलेली चिल्लर आणली, आकडा पार झाला आणि संघ वाचला. वर्गणीवर चाललेल्या आपल्या मंडळाला याची थोरवी वेगळी सांगायला नको. तोच पेसर्स संघ ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीला खेळून गेला. एनबीएचे भारतातले ते पहिले सामने. समोर होता मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांचा सॅक्रामेंटो किंग्ज. दोन्ही सामने पेसर्सनी जिंकले.

आता ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला, ते सांगतो. मालकांचे हिशोब हायॅनिसला मिटले. खेळाडूंचे? ज्यांची उमेद एबीएतच खर्ची पडली होती, त्यांतल्या अनेकांना एनबीएचे पेन्शन लागू नव्हते. काहींना म्हातारपणी औषधपाण्याची, डोक्यावरच्या छपराची पंचाईत पडली. इंडियानापोलिसच्या एका सेवाभावी संस्थेने त्यांची बाजू लावून धरली. अखेर जुलै २०२२ मध्ये एनबीए आणि खेळाडूंच्या संघटनेने सुमारे ११५ जुन्या खेळाडूंसाठी जवळपास अडीच कोटी डॉलरची तरतूद केली. विलीनीकरणाला तोवर ४६ वर्षे झाली होती. तेवढ्या काळात कितीतरी जण निघून गेले. कायमचा वाटा लिहून घेणारे दोन मालक आणि ४६ वर्षे थांबलेले खेळाडू, दोघे एकाच लीगचे.

बंधू-भगिनींनो, आपल्यासारख्या गावांतली मराठी वाचनालये, नाट्यमंडळे, व्यायामशाळा आपल्या डोळ्यांदेखत बंद पडल्या. काही मोठ्या संस्थांत मिसळल्या. काळ बदलतो, संस्था मिसळतात, त्यात दोष कोणाचा नाही. पण मिसळताना इमारत, ठेवी, खुर्च्या यांची यादी होते. चाळीस वर्षे पडदा ओढणाऱ्याचे, पुस्तकांना पुठ्ठे चढवणाऱ्याचे, पहाटे येऊन आखाड्याची माती भिजवणाऱ्याचे नाव त्या यादीत नसते. ते घालावे. त्यांच्यातले जे हयात आहेत त्यांची विचारपूस करावी आणि ती आताच करावी, ४६ वर्षांनी नव्हे. याच स्मरणिकेच्या पुढच्या अंकात अशा माणसांसाठी चार पाने राखून ठेवावीत, अशी कार्यकारिणीला आमच्या टोळीची विनंती आहे. माहिती गोळा करायला आम्ही घरोघर फिरू. गुडघे दुखतात, पण तेवढे चालता येते.



गणपती बाप्पा मोरया!