शुश्रूषा आणि विवेक



जैन आचारात साधुजनांच्या सेवेला, अर्थात वैयावृत्त्याला, आभ्यंतर तपाचे स्थान आहे. रुग्णशुश्रूषा हे त्याच सेवाभावाचे लौकिक रूप होय. परंतु शुश्रूषेला केवळ करुणा पुरत नाही; तिला विवेकाची जोड लागते.

शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या रुग्णाचे उदाहरण घ्यावे. नाडीचे ठोके मिनिटाला ८४, तासाभराने १०२, पुढे १२०. रक्तदाब मात्र जवळजवळ पूर्ववत. चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंगची पदवी नुकतीच संपादन केलेली परिचारिका हे आकडे तक्त्यात बिनचूक नोंदवते आणि रक्तदाब ठीक आहे म्हणून निश्चिंत होते. वस्तुतः आत रक्तस्राव सुरू झाला, तर शरीर नाडीचा वेग वाढवून आणि रक्तवाहिन्या आकुंचित करून काही काळ रक्तदाब सावरून धरते. तो घसरतो, तेव्हा मोलाचा वेळ निघून गेलेला असतो.

तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाचे अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा असे चार टप्पे सांगितले आहेत. आकडा दिसणे हा अवग्रह. ‘नाडी का वाढली? वेदनेमुळे, तापामुळे, भीतीमुळे की रक्तस्रावामुळे?’ ही पृच्छा म्हणजे ईहा. त्वचा थंड पडली आहे का, लघवी कमी झाली आहे का, हे पाहून निर्णयास येणे आणि डॉक्टरांना तत्काळ कळविणे हा अवाय. तो अनुभव पुढील रुग्णासाठी स्मरणात ठेवणे ही धारणा. नवपदवीधर परिचारिका बहुधा ईहेपाशी अडखळते.

हा तिच्या बुद्धीचा दोष नव्हे. अमेरिकन परिचर्यातज्ज्ञ पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात नवशिकेपणापासून तज्ज्ञतेपर्यंतच्या पाच अवस्था मांडल्या. प्रारंभी नियमांचाच आधार असतो. समग्र दृष्टी अनुभवातून येते. हा अनुभव देण्यासाठी शेजारी ज्येष्ठ परिचारिका हवी आणि प्रश्न विचारण्याची मोकळीक हवी. ‘एवढेही कळत नाही?’ असे तिला एकदा सर्वांदेखत ऐकावे लागले, की पुढची शंका ती मनातच दडपते. त्या मौनाची किंमत रुग्ण मोजतो.

म्हणून रुग्णालये चालविणाऱ्या धर्मादाय संस्थांनी नव्या परिचारिकेवर रात्रपाळीचा कक्ष एकटीने सोपवू नये. रुग्णाच्या नातलगांनीही तिच्या विचारपूस करण्याला अज्ञान समजू नये. अनेकांतदृष्टी जपणाऱ्या समाजाला एका लक्षणामागे अनेक कारणे शोधणाऱ्या सेविकेचे मोल निराळे सांगावे लागू नये.

जय जिनेंद्र!